गोरूमचा डावा पाय

पुण्याहून निघताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "रायपूरला काय पाहायचंय?" मी म्हटलं, "एक राक्षस. त्याचा डावा पाय आमच्या घरचा आहे." त्यांनी हळूच दार लावून घेतलं, म्हणून उरलेलं तुम्हाला सांगते.

घरचा म्हणजे माझी भाची सोनल. परग्रहावर घडणाऱ्या एका टीव्ही मालिकेवर बेतलेला, 'नीलग्रह सत्तावीस' नावाचा भव्य खेळ सध्या गावोगावी फिरतो आहे. त्यात गोरूम नावाचा दोन मजली प्राणी आहे. तो यंत्रावर नाही, माणसांवर चालतो. एक जण मान सांभाळतो आणि दोघं एकेक पाय. सोनल डावा पाय. या पायासाठी तिने हातात आलेली रेल्वेची नोकरी सोडली आणि त्या दिवसापासून तिच्या बाबांनी, म्हणजे जन्मभर रेल्वेच्या फलाटावर नोकरी केलेल्या माझ्या दादाने, तिच्याशी बोलणं सोडलं. सहा महिने झाले होते. आता खेळ तिच्याच गावात आला होता. तिचा फोन आला, "आत्या, माँ तो आ जाएगी। बाबा को सिर्फ आप ला सकती हो।" मराठी तिला सगळी कळते, तोंडातून मात्र हिंदीच निघते. मी लगेच तिकीट काढलं.

प्रवासाबद्दल तक्रार नाही. गोंदिया मागे पडलं तसा डब्यातल्या बोलण्याचा सूर बदलला. डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ दिसलं, सगळ्यांबरोबर मीही खिडकीतून हात जोडले आणि माझं काम त्या देवीच्या कानावर घातलं. रायपूरला उतरून रिक्षावाल्याला समता कॉलनी सांगितली. तो म्हणाला, "हव, बइठव." (हव म्हणजे हो.) भाव मी नंतर केला, बसल्यावर. ही चूक मी प्रत्येक गावात करते.

सकाळी वहिनीने चीला केला (तांदळाच्या पिठाचं धिरडं), सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. मी चार खाल्ले. पाचव्याची जबाबदारी वहिनीची. दादाचा चेहरा जरा निवळलेला पाहून मी विषय काढला.

"दादा, संध्याकाळी सोनलच्या खेळाला जायचं."

"तुमी जा. मी नाई येत."

"काहून?" मी मुद्दाम त्याच्याच भाषेत कारण विचारलं.

"तोंड दिसत नाई, नाव दिसत नाई. कोनी विचारलं, पोट्टी काय करते, तं काय सांगू? पाय आहे म्हनू?"

मी सहावा चीला मागितला.

संध्याकाळी वहिनी शेजारणींबरोबर पुढे गेली. मी चपला घातल्या आणि जाहीर केलं की मी एकटीच शोधत शोधत जाते. बहिणीला अनोळखी गल्ल्यांत एकटी सोडणं दादाला या जन्मी जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. "फक्त सोडून देतो," म्हणत त्याने स्कूटर काढली. बूढापारा भागातल्या एका अरुंद गल्लीत, जिथे खेळ होता ते स्टेडियम अगदी हाकेवर असताना, मागचं चाक बसलं. पंक्चरवाला म्हणाला, "अंकल, एक घंटा लगेगा।" मी मनातल्या मनात डोंगरगडच्या देवीचे आभार मानले. दादा वैतागून म्हणाला, "चाल, आत पंखा तरी असन."

आत मधोमध रंगमंच आणि चारही बाजूंना माणसं. दादा थबकला. "अवं, हे तं खडी गंमतच आहे!" खडी गंमत म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडचं लोकनाट्य. कलाकार मधे, गाव सभोवती. खेळ आवडला की उठायचं, कलाकाराला नोट द्यायची, आणि देणाऱ्याचं नाव सगळ्या गावाला ऐकू जाईल असं पुकारलं जायचं. आम्ही भावंडं त्यावरच वाढलो.

धूर आला, निळे दिवे लागले, यान उतरलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी यानाला नमस्कार केला. मग जमीन हादरवत गोरूम आला. दादा माझ्या कानाशी लागला, "डावा कोनता? त्याचा डावा का आपला डावा?"

"त्याचा."

त्यानंतर दादाने ना यान पाहिलं, ना लढाई. तो फक्त एक पाय पाहत होता. "वजन किती असन वं त्याचं?"

"बावीस किलो, सोनल सांगत होती."

"अन टाच कशी अलगद टेकवते, पाहून राहिली?" मी दादाकडेच पाहत होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

गोरूम आमच्या रांगेजवळ आला आणि दादा उठला. हातात शंभराची नोट. मी सदरा पकडला, पण तो निसटला होता. डावा पाय जागच्या जागी थांबला. उजवा एक पाऊल पुढे गेला, मान त्याच्याही पुढे गेली, आणि एवढा मोठा प्राणी वाकडातिकडा होऊन उभा राहिला. यानाचा कप्तान वाक्य विसरला. दादाने जन्मभर फलाटावर कमावलेल्या आवाजात पुकारलं, "सोनलच्या बाबाकडून शंभर रुपये, डाव्या पायाले!"

मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागून एक म्हातारबुवा ओरडले, "मोजरा देवत हे गा!" मोजरा म्हणजे छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातलं अस्संच बक्षीस. सगळं स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं. काळ्या हातमोज्यातला एक हात पुढे आला, आणि पायाच्या जाळीमागून रडवेल्या मराठीत आवाज आला, "बाबा, बसा न जी आता."

खेळानंतर मॅनेजरने सोनलला चांगलंच फैलावर घेतलं. दादा हात जोडून मधे पडला, "गलती मेरी है साहब, लड़की की नहीं।" मग बापलेकांना एकटं सोडून मी आणि वहिनी स्कूटर आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा मला स्टेशनवर सोडायला आला. एवढं मोठं भांडण एका नोटेने कसं मिटलं, याचं मी खिडकीत बसून नवल करत होते. गाडी हलायच्या बेतात आली तेव्हा तो म्हणाला, "उजवा पाय केरळची पोट्टी आहे म्हने. मी इचारलं सोनलले. तिच्या घरचं आजपर्यंत कोनीच नाई आलं पाह्याले."

"मग?"

"मग काय? आज शेवटचा खेळ आहे. मी जाऊन राहिलो."

गाडी वेळेवर सुटल्याचं दुःख मला आयुष्यात पहिल्यांदाच झालं.