काळ्या जमिनीला चुना

चुनखडीनं आधीच भरलेल्या पवनारच्या काळ्या जमिनीत मी फुलकोबीसाठी आणखी दोन पोती चुना टाकला. मुंबईहून आलेल्या पुस्तिकेत तसं होतं. ती कोकणच्या तांबड्या मातीसाठी आहे, हे सांगणारं पहिलं पान मी हुशारीनं वगळलं होतं.

भाजीपाल्याच्या प्रदर्शनात बक्षीस माझंच, असं शाळेत माझ्या विद्यार्थ्यांना सांगून बसलो होतो. आदल्या दिवशी सर्वांत मोठा गड्डा वर्धेच्या बाजारातल्या भाजीवाल्या म्हातारीला दाखवला. तिनं तो कानाशी धरून टिचकी मारली, मग दांडा मोडला. आत पोकळ, तपकिरी.

“चुन्यानं मातीतला खार अडवला, कोबी उपाशी मारली. सोनाराकडचा चिमूटभर टाकणखार पाण्यातून द्याचा होता. चुना कोनं सांगतला?”

“पुस्तकानं. पहिलं पान तेवढं राहिलं.”

“मंग उद्या प्रदर्शनात नका जाऊ, मास्तर. पहिलीच्या पोरायत जाऊन बसा.”