नकाशे उलटे धरणारे चाचा

चाचांच्या हातात कुठलाही नकाशा दिला की आधी ते तो उलटा धरायचे. उत्तर खाली, दक्षिण वर. चष्मा कपाळावर सरकवायचे, कागद डोळ्यांजवळ आणून न्याहाळायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांना वाचता तरी येतं की नाही? मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं. न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "सुलटा धरला की डोळा गावांची नावं वाचत बसतो, मॅडम. उलटा धरला की गुमान रेषा बघतो."

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. जमिनीखालचं पाणी शोधणारं आमचं छोटंसं कार्यालय नगरला होतं आणि मी तिथे भूभौतिकीची पदवी घेऊन नुकतीच रुजू झाले होते. चाचा तिथले आरेखक. नाव शेख, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. केडगावहून सायकलवर यायचे. तीस वर्षं त्यांनी ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने जिल्हा काढला होता: नद्या, ओढे, विहिरी, गाडीवाटा. शाई भरताना ते श्वास रोखून धरत. रेषा संपली की श्वास सोडत आणि मग इतका वेळ टेबलाशी ताटकळलेल्या माणसाला विचारत, "हां, बोला, काय म्हणत होतात?"

मी आले त्याच सुमारास कार्यालयात कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत नकाशे काढणारं सॉफ्टवेअर आणि रंगीत छपाईचा प्रिंटर. शेतात लोखंडी सळया ठोकून जमिनीत वीज सोडायची, खालचा खडक तिला किती अडवतो ते मोजायचं, हे माझं काम. ते आकडे सॉफ्टवेअरला दिले की पडद्यावर रंगीत नकाशा उभा राहायचा. खडक जिथे वीज फारशी अडवत नाही, तिथे ओल असण्याची आशा, आणि तो भाग निळा. चाचांना जे करायला आठवडा लागे, ते पाच मिनिटांत. साहेबांनी सगळ्यांसमोर हसत म्हटलं, "चाचा, आता तुम्ही आराम करा."

चाचा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत आले आणि माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले. "शिकवा," म्हणाले. छप्पन्न वर्षांचा माणूस तेवीस वर्षांच्या मुलीला सांगत होता, शिकवा. माऊस ते पेनासारखा तीन बोटांत धरायचे, तो उचलला जायचा आणि पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. "हा काय शाई पितच नाही," म्हणून कुरकुरायचे. पण महिन्याभरात त्यांचा हात बसला. मग तेच मला शिकवू लागले. मी नकाशा म्हणजे फक्त रंग समजत होते. ते म्हणायचे, "कागदाला कपाळ पाहिजे, तिथे शीर्षक. पायाशी सूची. रंगाचा अर्थ काय, ते खेड्यातल्या माणसाला कुणाला न विचारता कळलं पाहिजे. उत्तरेचा बाण एवढा मोठा कशाला? लग्नाची पत्रिका आहे का?"

त्याच उन्हाळ्यात पाथर्डीच्या बाजूच्या एका गावाचं काम आलं. तिथे दोन बोअर कोरडे गेले होते. तिसरा मंजूर झाला होता आणि हाही फुकट गेला तर गाव बोअरच्या सरकारी यादीतून बाहेर जाणार होतं. तिथल्या सरपंचबाई बौद्ध वस्तीतल्या, पहिल्यांदाच निवडून आलेल्या. "पानी लागलं न्हाई तर लोक म्हन्तील, बाई सरपंच केली म्हनून आटलं," असं त्या मला तोंडावर म्हणाल्या होत्या. मी दहा दिवस उन्हात सळया ठोकून आकडे आणले.

सॉफ्टवेअरने नकाशा काढला आणि आम्ही खूश झालो. गावाच्या ईशान्येला, टेकडीच्या अंगाला, हा मोठा निळाशार डाग. साहेबांनी तिथेच बोअर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अकराला जिल्ह्याची बैठक होती, तिथे नकाशा ठेवायचा होता. मी छापून चाचांना दाखवला. त्यांनी उलटा धरला.

"मॅडम, या निळ्यात तुम्ही सळई कुठे ठोकली होती?"

मी मोजणीची वही चाळली. टेकडीवर आम्ही गेलोच नव्हतो. चढ खडा होता, वायर पोचत नव्हती. चाचांनी मोजणीच्या जागा टिंबांनी नकाशावर दाखवायला लावल्या. सगळीकडे टिंबं उमटली, त्या निळ्या डागात एकही नाही. आकडे संपले तिथून पुढे सॉफ्टवेअरने आपल्या मनाने रंग भरला होता.

साहेब वैतागले. "चाचा, कॉम्प्युटर चुकत नाही."

"त्याने चूक केलीच नाही, साहेब. आपण त्याला कुठे थांबायचं ते सांगितलं नाही."

साहेबांनी टिंबांवरून एकदा बोट फिरवलं. मग "करा दुरुस्त," एवढंच बोलून आत गेले.

मोजणी झाली नव्हती तो भाग आम्ही कोरा केला. डाग गेला. उरला तो वस्तीच्या मागून जाणारा, जेमतेम वीस मीटर रुंदीचा निळा पट्टा. मी पुन्हा छापला. चाचांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि दोन टिंबांमधलं अंतर मोजलं. "ही दोन ठिकाणं जमिनीवर पाचशे मीटर. तुम्ही प्रमाण लिहिलंय एका सेंटिमीटरला पन्नास मीटर. म्हणजे दहा सेंटिमीटर यायला पाहिजे. नऊच येतंय."

प्रिंटरने नकाशा पानात मावावा म्हणून आपोआप आखडून घेतला होता आणि मी टाइप केलेलं प्रमाण तसंच राहिलं होतं. शेतातल्या खुणेच्या खुंट्या नांगरटीत गेल्या होत्या. बोअरची जागा या कागदावरूनच, गावच्या विहिरीपासून मोजायची होती. कागदावर सहा सेंटिमीटर दिसतात म्हणून आम्ही तीनशे मीटर चाललो असतो आणि खरी जागा तेहतीस मीटर पुढे राहिली असती. वीस मीटरच्या पट्ट्याला तेहतीस मीटरने चुकलो असतो. मी खुर्चीत बसले. चाचांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "अजून छापायचंय, बेटा. रडायला बैठकीनंतर वेळ आहे." मॅडमची बेटा मी तेव्हा झाले.

खऱ्या प्रमाणात नकाशा एका पानात मावेना. दोन पानांवर छापला आणि चाचांनी ब्लेडने कडा कापून असा जोडला की सांधा बोटालाही लागू नये. बैठकीत जिल्ह्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी तो टेबलावर पसरला. "हे टेकडीचं कोरं का सोडलंय?" त्यांनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तिथलं आम्हाला माहीत नाही, सर." अधिकारी म्हणाले, "माहीत नाही असं लिहून देणारा नकाशा मी पहिल्यांदाच बघतोय. घ्या बोअर."

बोअरच्या दिवशी चाचांना मी जीपमध्ये घालून नेलं. तीस वर्षं गावं काढली, पण त्यांतलं एकही त्यांनी जाऊन पाहिलं नव्हतं. आरेखकाला दौरा नसतो. नकाशा दोन्ही हातांत धरून ते गावातून चालले. "ही विहीर. हा ओढा. हे चिंचेचं झाड मी टाकलं नव्हतं." सरपंचबाई पुढे आल्या. "भाऊ, ह्या कागदावर माजं घर कुठं हाय?" चाचांनी त्यांचं बोट धरून नकाशावर त्या जागी अलगद ठेवलं. बाईंनी ते बराच वेळ उचललं नाही. "आमची वस्ती कागदावर आलीया व्हय," एवढंच म्हणाल्या.

विहिरीपासून टेपने जागा मोजली. गाडी उभी राहिली, यंत्र सुरू झालं. शंभर फूट नुसती पांढरी धूळ. बायका पदराने नाक झाकून उभ्या, साहेब घड्याळ बघत होते, मी देवाचं नाव घेत होते. एकशे तीस फुटांवर धुळीचा रंग बदलला. मग चिखल आला. मग एकदम गडगडाट झाला आणि पाण्याचा लोट यंत्राच्या वर उसळला. सरपंचबाई हंबरडा फोडावा तशा हसल्या. सगळी वस्ती भिजत नाचत होती आणि मधोमध चाचा, हातात नकाशा. प्रिंटरची शाई ती, पाणी लागताच वाहू लागली. निळा पट्टा पसरत पसरत सगळ्या गावावर गेला. मी ओरडले, "चाचा, नकाशा!"

ट्रेसिंग कापडावर घामाचा थेंब पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधणारा तो माणूस मोठ्याने हसला. "भिजू दे गं! कॉम्प्युटरात आहे तो. पाहिजे तितके छापू!"

दोन वर्षांनी चाचा निवृत्त झाले. दुपारी निरोपाचा कार्यक्रम होता. हार घालून झाला होता, साहेब भाषणाला उभे राहत होते, इतक्यात सरपंचबाई चार बायकांना घेऊन दारात आल्या. त्यांना कार्यक्रमाचं माहीतच नव्हतं. "घरोघरी नळाची लाईन टाकायचीया," त्या म्हणाल्या. "आमाला नकाशा पायजे. त्या भाऊंनीच काढायचा."

साहेब सांगू लागले की आज त्यांचा शेवटचा दिवस आहे, नवीन आरेखक येतील. चाचा तोवर उठलेही होते. चपला दारात काढल्या आणि गळ्यात हार तसाच ठेवून कॉम्प्युटरसमोर बसले. "बसा बाई," त्यांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं, "कुणाच्या घरापासून सुरुवात करायची?"

साहेबांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते स्वतः प्रिंटरमध्ये कागद भरायला गेले.