काकूला मोकळी करा

सांगते, पण हसायचं तर शेवटी हसा. आमच्या काकूचा चांगला चाललेला संसार मी एका वाक्यात मोडायला निघाले होते. तेही कशासाठी? तर स्वातंत्र्यासाठी!

माझी शाळा डेहराडूनला, कॉलेज दिल्लीला. केडगावच्या पुढं आमच्या गावी परतले ती डोक्यात स्वातंत्र्य घेऊनच. आणि घरात बघते तर काकू! गोठ्यात सहा गाई, दोन वेळच्या धारा. गाईंना रविवार कळतो का? लग्न झाल्यापासून बाईनं सुट्टी म्हणून कशी ती पाहिली नव्हती.

मी गुपचूप नगरच्या एका नाटकाची तिकिटं काढली. धारांसाठी शेजारच्या वहिनींना कबूल करून घेतलं. मग सकाळी काकांना थेट दूध डेअरीवर गाठलं. ते कॅन उतरवत होते, भोवती निम्मं गाव.

"काका, आता काकूला मोकळी करा. पुष्कळ झालं. रविवारी नगरला मी सगळं ठरवलंय, तुम्ही फक्त हो म्हणा."

काकांच्या हातातला कॅन हातातच राहिला. कुणीतरी खोकलं. मला वाटलं, काय परिणाम झाला माझ्या बोलण्याचा!

त्या दिवशी काका जेवले नाहीत. काकूनं दोनदा विचारलं, तर उठून गोठ्यात जाऊन बसले. संध्याकाळी काकूचे भाऊ, पारनेरचे अण्णामामा, दोन वयस्कर पाहुणे घेऊन जीपनं हजर. काकूला वाटलं, माझं स्थळ आलं. ती आनंदानं पोहे करायला आत गेली.

ओसरीवर मामांनी मला समोर बसवलं. "आमच्या बहिणीला मोकळी करायचं कुनी ठरवलं?"

"मी," मी अभिमानानं म्हणाले. "प्रत्येक बाईचा तो हक्क आहे, मामा. आणि तीन तासांचा तर प्रश्न आहे."

"तीन तासात हुतं?" पाहुण्यांपैकी एकजण पुढं सरकले.

"हो. मध्ये मध्यंतर असतं. वडेपण मिळतात."

मामा काकांकडे बघू लागले, काका माझ्याकडे. "पोरी," मामा हळूच म्हणाले, "सोडचिठ्ठीला मध्यंतर कसलं?"

आमच्याकडे बायको मोकळी करायची म्हणजे तिला सोडायची, हे मला दिल्लीत कोण शिकवणार? मी धावत जाऊन तिकिटं आणली. काकांनी ती उलटसुलट बघितली आणि भिंतीला टेकून असा श्वास सोडला की गोठ्यातल्या गाईंनी माना वळवल्या. तेवढ्यात काकू पोहे घेऊन बाहेर आली. "पोरगा कुठाय?" तिनं विचारलं. मग ओसरी जी हसत सुटली!

काका पोह्यांच्या तीन बशा खाऊन म्हणाले, "मी बी येनार. हिला एकटीला न्हाई धाडायचो आता."

रविवारी नाटकाला मी दोघांच्या मधे बसले. नायिकेनं दार उघडलं की मी डावीकडे सांगायची, "हे दार म्हणजे बंधन बरं का." तिनं खिडकी उघडली की उजवीकडे, "ही मुक्ती." शेवटी काकू माझ्या कानाशी आली.

"बाय माझी, लई गुनाची हाईस. मागं जाऊन बस. आमाला दोघास्नी नाटक बघू दी."

मी मुकाट उठून शेवटच्या रांगेत गेले. तिथून पाहिलं, तर काका माझ्या खुर्चीवर सरकले होते, आणि मी परत येऊ नये म्हणून त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर काकूनं आपली पिशवी ठेवली होती.