गोलामागची जागा

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव घेत होते. शिट्टी तोंडातच होती. "ताई, आबा गेलं... तू ये," एवढंच धाकटा भाऊ बोलला. गावी उंब्रजला पोचेपर्यंत एसटीत मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. वडिलांकडून एका प्रश्नाचं उत्तर यायचं राहिलं होतं, आणि ते न देताच माणूस निघून गेला होता. आता महिना होत आला.

आबा लष्करात हवालदार, पलटणीच्या हॉकी संघातले फुलबॅक, गोलापुढचे बचावपटू. निवृत्त होऊन गावी आले आणि पोरांना खेळ शिकवू लागले. खेळाच्या जोरावर पोरगं सैन्यात, रेल्वेत चिकटतं म्हटल्यावर पार म्हसवड, जतहून लोक मुलं दाखवायला आणत. आबा पारख करत ती फक्त बचाव करणाऱ्यांची. म्हणायचे, "फॉरवर्डचं गोल मोजता येत्यात. बॅकचं काय मोजणार, न झालेलं गोल?" बाकीचे जाणकार मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून बसत, आबा मात्र गोलाच्या जाळीमागे, उकिडवे. "बॅक चकला की त्येचं तोंड गोलाकडं वळतं. तवाच बघायचं. माघारी पळाला तर आपला. दुसऱ्यावर वराडत हुबा ऱ्हायला, तर काय खरं न्हाई."

निकाल द्यायचा तो एक घाव दोन तुकडे. जतच्या एका मेंढपाळाला माझ्यासमोर म्हणाले, "पोरगं गुणी हाय, पर ह्यात पुढं जायाचं न्हाई. शाळा सोडू नका त्येची." तो बिचारा पटका सावरत उठला, पाणीसुद्धा न पिता गेला. आबांच्या बाराव्याला तोच माणूस आला होता. मुलगा आता वायरमन आहे म्हणे. "लय राग आल्ता तवा," तो म्हणाला. "पर तोंडावर खरं सांगणारं माणूस गेलं, ताई."

मीही फुलबॅकच. बारावी झाल्यावर पुण्याच्या निवड चाचणीला जायचं की कॉलेजात नाव घालायचं, हे ठरायचं होतं. आबा स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळत बसले होते. मी विचारलं, "आबा, मी पुढं जाईन?" त्यांनी मान वर केली नाही. "जेवून घे आदी. गार व्हतंय." ...बस्स. लोकांच्या पोरांना फाडफाड सांगणारा माणूस गप्प राहतो म्हणजे काय, ते मी समजले. चाचणीला गेलेच नाही. शिक्षिका झाले, बरं चाललंय, तक्रार नाही. पण मुलींना बचाव शिकवताना ते न बोललेलं 'नाही' दर वेळी आठवतं.

बाराव्याचे पाहुणे पांगल्यावर आईजवळ एकदाचं बोलून गेले. "सगळ्यांना तोंडावर सांगितलं आबांनी. मीच तेवढी उपरी होते?"

आई भांडी पुसता पुसता थांबली. "काय सांगणार त्ये? तुजी मॅच त्येनी बघितली कवा? तू खेळाय उतारलीस की उठायचं, आन् शाळेच्या भिंतीपल्याड हौदावर जाऊन बसायचं. म्हणायचं, पोरगी चुकली तर तिचं तोंड मला बघवायचं न्हाई."

मी तिथेच भिंतीला टेकले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की जाळीमागच्या गर्दीत बसून आबांनी मला जोखलं आणि नको म्हटलं. त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. आबा, एकदा तरी बघायचं होतंत हो... चुकले असते मी, पण माघारी पळाले असते. तेव्हा रडले, एसटीतलं राहिलेलं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हौदावर जाऊन बसले. मध्ये शाळेची भिंत आहे, तिथून मैदान दिसत नाही. पलीकडे पोरं खेळत होती, नुसते आवाज येत होते. फॉरवर्डांची टकटक एकमेकांत मिसळून जाते, कोण कुठला काही कळत नाही. पण फुलबॅकने चेंडू अडवून लांब मारला की त्या टोल्याचा आवाज वेगळाच येतो. तो भिंतीआडूनही ओळखू येतो. उन्हं वर येईस्तोवर मी तिथून उठले नाही.