असेल मॅडम

त्यांना काहीही सांगितलं तरी त्या "असेल" म्हणायच्या. सर्व्हर बंद पडलाय म्हणून सांगितलं, "असेल." स्टेशनकडचा रस्ता खणून ठेवलाय म्हणून यायला उशीर झाला, "असेल." पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी हात जोडून "मी इथला पोस्टमास्तर" अशी ओळख करून दिली, तर त्यालाही त्या "असेल" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. बोलण्यात उपरोध नव्हता, राग नव्हता. जे स्वतः पाहिलेलं नाही त्याला हो म्हणायचं नाही, एवढंच. संध्याकाळपर्यंत गायकवाड मॅडमचं नाव आमच्या पोस्टात असेल मॅडम पडलं होतं.

मॅडम खात्याच्या दक्षता विभागातून चौकशीला आल्या होत्या. प्रकरण एका तिकिटाचं होतं. पक्ष्यांच्या मालिकेतलं खंड्याचं तिकीट. एका शीटवर छापताना निळा रंग उतरलाच नव्हता, त्यामुळे झाडाच्या फांदीवर पांढराफटक खंड्या बसला होता. असं चुकलेलं शीट बंडलात सापडलं तर ते विकायचं नाही, वर कळवून परत पाठवायचं, असा नियम आहे. पण तिकिटं जमवणाऱ्या हौशी लोकांना नेमकं हेच हवं असतं आणि त्यासाठी ते वाटेल ती किंमत देतात. पांढरा खंड्या एका लिलावात निघाला, कुणीतरी तक्रार केली. शीटच्या कडेला छापलेल्या क्रमांकावरून ते आमच्या पोस्टात आलेलं होतं एवढं कळलं. आमचं पोस्ट म्हणजे पश्चिम उपनगरातलं, बाजाराला लागून असलेलं. त्याहून जास्त पत्ता नको.

नव्या तिकिटांना हात लागणारे आम्ही चौघे. पोस्टमास्तर साहेब, त्यांच्या हाताखालचे डेप्युटी साळवी, तिजोरी सांभाळणारे पास्कलकाका आणि संग्राहकांच्या काउंटरवर बसणारी मी. म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी एक चोर होता.

मॅडम पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी नेसणाऱ्या. वडील जालन्याकडून येऊन मानखुर्दला राहिले, मॅडम आता चेंबूरला. भिंतीला पाठ लावून बसायच्या. एकच प्रश्न तीनदा विचारायच्या. सकाळी सरळ, दुपारी दुसरंच काही बोलता बोलता, आणि संध्याकाळी आपण पर्स खांद्याला लावल्यावर. एकदा असंच निघताना त्यांनी मला विचारलं, "नवीन फ्रीज कधी घेतला?" मी गारठलेच. मी तर कुणाला बोलले नव्हते. मग आठवलं, सकाळी काउंटरवर ओळखीच्या आजींना मी सांगत होते की आता कोथिंबीर आठवडाभर टिकते. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "अरे, फ्रीजचे हप्ते चालू आहेत ते कागद वर काढून ठेव." तो म्हणाला, "वेडी झालीस काय?" तशी वेळ आलीच होती.

कुणी कुणाची स्तुती केलेली त्यांना चालत नसे. साहेब म्हणाले, "आमचा स्टाफ म्हणजे एक कुटुंब आहे हो, मॅडम." त्यावर त्या म्हणाल्या, "घरातलीच वस्तू गेली की पहिलं घरातच शोधतात, साहेब." एकदा धीर करून मी विचारलं, "मॅडम, तुम्ही सगळ्यांवर शंका का घेता?" त्या शांतपणे म्हणाल्या, "भेंडी घेताना मोडून बघतेस ना? भेंडीवर राग असतो का तुझा?"

तोवर चौकशीचं विष आमच्यात पुरतं भिनलं होतं. कुणी फोनवर हळू बोललं की बाकीच्यांचे कान ताठ. शिपायाने नवे बूट घातले तर तीन जणांनी किंमत विचारली. आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा पास्कलकाकांकडे वळल्या. काका मनोरीचे. रोज होडीने खाडी ओलांडून मार्वेला यायचे, तिथून बस. मनोरीच्या घरामागे ते दोन खोल्या बांधत होते, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला. एरवी याच खोल्यांसाठी लाद्या कुठल्या घ्याव्यात यावर आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले होते. आता त्याच खोल्या कुजबुजीत आल्या. "एवढा पैसा आला कुठून रे?" कुणी म्हणायचं. "तिजोरी कुणाच्या हातात आहे?" दुसरं कुणी.

मॅडमनी काकांना सगळ्यांदेखत विचारलं, "खोल्यांना पैसा कुठला?"

"बायकोच्या बांगड्या मोडल्या, मॅडम. भावाने थोडे दिले. तो दुबईला असतो."

"असेल."

काकांचा चेहरा लाल झाला. "असेल नाय मॅडम, आहे. तीस वर्षं तिजोरी सांभाळतोय मी."

"मी इथे तीस वर्षं नव्हते, काका," मॅडम म्हणाल्या. "म्हणून विचारते." आणि नियमाप्रमाणे चौकशी संपेपर्यंत तिजोरीच्या चाव्या त्यांनी काकांकडून काढून घ्यायला लावल्या. चाव्या साळवींकडे गेल्या.

त्यानंतर काका जेवायला आमच्या टेबलावर येईनासे झाले. डबा घेऊन तिजोरीमागच्या खोलीत बसत. चला, म्हणून बोलवायला आमच्यातलं कुणी उठलं नाही. पंधरवड्याने त्यांनी रजेचा अर्ज टाकला आणि ते मनोरीला जाऊन बसले. पळाला, असं त्याच दुपारी कुणीतरी म्हणालं.

एका सोमवारी मॅडम माझ्या काउंटरशी आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. घाटकोपरला एक तिकिटांचा व्यापारी आहे, माल त्याच्याकडून बाहेर पडतोय. उद्या मंगळवारी पोलिसांना घेऊन जाणार आहे. कुणापाशी बोलू नकोस." मला काय वाटलं सांगू! इतक्या संशयी बाईने माझ्यावर भरवसा टाकला होता. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. मंगळवार गेला, काहीच झालं नाही. पुढच्या आठवड्यात त्या परत म्हणाल्या, "ते राहून गेलं. आता गुरुवारी जाते." मी पुन्हा तोंड शिवून बसले.

खरी गोष्ट नंतर कळली. त्यांनी प्रत्येकाला असंच बाजूला घेऊन, तुला म्हणून सांगते असं म्हणून, वेगवेगळा वार सांगितला होता. काकांना तर फोन करून सांगितला. त्यांच्या हाताखालचा एक माणूस दोन्ही आठवडे त्या दुकानासमोरच्या पानवाल्याकडे उभा होता. माझ्या मंगळवारी दुकान उघडं होतं. काकांच्या बुधवारी उघडं, साहेबांच्या शुक्रवारीही उघडं. गुरुवारी मात्र शटर खाली. गुरुवार साळवींना सांगितला होता.

"मग तेव्हाच का नाही धरलं?" मी मॅडमना विचारलं.

"दुकान एकदा बंद म्हणजे काय? त्याच्या घरी लग्न असेल, मयत असेल." म्हणून त्यांनी वार बदलून पुन्हा सांगितले. या खेपेला साळवींना सोमवार. सोमवारी शटर खाली. मग कुणालाच न सांगितलेल्या दिवशी त्या गेल्या. पांढऱ्या खंड्याची उरलेली तिकिटं दुकानात सापडली आणि व्यापाऱ्याने घटकाभरात साळवींचं नाव घेतलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो अपमान. ज्या भरवशाने मी दोन आठवडे ताठ मानेने वावरत होते, तो भरवसा नव्हताच. मी तसं तोंडावर म्हणाले, "म्हणजे मलाही गळ टाकलात?"

"हो," त्या म्हणाल्या. "आणि तू गिळला नाहीस. आता तुझ्याबद्दल मला माहिती आहे. आधी नुसतं चांगलं मत होतं. मत काय, कुणाचंही असतं."

साळवी म्हणजे सगळ्यांच्या लग्नकार्यात पहिले उभे राहणारे, कुणी आजारी पडलं तर इस्पितळात रात्र काढणारे. मॅडमनी त्यांना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. ते नाही म्हणाले नाहीत. एकदाच काय ते केलं, दुसऱ्या कशाला हात लावला नाही, एवढं म्हणाले आणि पाणी मागितलं. निलंबनाच्या कागदावर सही झाली तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो होतो, बघायला. मॅडम बाहेर आल्या आणि कडाडल्या, "काउंटरवर लोक उभे आहेत, दिसत नाही? खाली बसा!" आम्ही माना खाली घातल्या. मग त्या स्वतः साळवींबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या. त्यांनी रिक्षा थांबवली, साळवी बसले, मॅडम रिक्षा वळेपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या. इतकी विचारपूस करणाऱ्या बाईने, साळवींनी हे का केलं, हे आमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ते अहवालात लागत नाही."

महिन्याभरात त्यांची दुसरीकडे बदली झाली, पुढे त्या निवृत्त झाल्या. गेल्या वर्षी चेंबूरला राहत्या घरी त्या गेल्या. मला त्यांच्या भाचीकडून उशिरा कळलं. तेव्हापासून वाटत होतं त्यांच्याविषयी लिहावं. पण त्या डोळ्यांपुढे येतात त्या आमच्या पोस्टातल्या नाहीत, मनोरीच्या.

साळवी गेले त्या आठवड्यात मी मॅडमना विचारलं होतं, "आता पास्कलकाकांना पत्र जाईल ना, की तुमचं काही नाही म्हणून?"

"दोष असला तर पत्र जातं. नसला तर खातं काही कळवत नाही," त्या म्हणाल्या. जरा थांबून विचारलं, "मनोरीला होडी कुठून सुटते?"

रविवारी आम्ही दोघी मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसलो. मॅडमनी साडीचा पदर घट्ट खोचला होता. त्यांना पाण्याची भीती वाटत असावी. होडीच्या कडेवरचा हात त्यांनी पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही. काकांचं घर विचारत गेलो. चर्चहून परतलेली शेजारपाजारची माणसं ओटीवर बसली होती. आम्हाला बघून काका उठले, पण या म्हणाले नाहीत.

मॅडम पायरीखालीच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काका, मी चौकशी अधिकारी. तुमच्यावर मी शंका घेतली होती. चौकशी पूर्ण झाली. तुम्ही काहीही केलेलं नाही. चाव्या उद्यापासून तुमच्याकडे."

काकांनी बराच वेळ लुंगीची गाठ चाचपली.

"केलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"साळवींनी."

काका मटकन खाली बसले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चाव्या गेल्यावर तुम्ही सगळी मला टाकलीत. शेवटपर्यंत माझ्याबरोबर जेवायला साळवी येत होता. रोज. त्या मागच्या खोलीत. माझ्या डब्यातलं खायचा, त्याच्यातलं मला द्यायचा. काका, हेही दिवस जातील म्हणायचा." मग ते मॅडमकडे वळले. "सगळं नाटक, मॅडम?"

मी खाली बघत उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीत साळवी कुठे असतात, हे आमच्यापैकी कुणी विचारलंही नव्हतं. मॅडम हो म्हणतील असं मला वाटलं. कुणीही म्हणालं असतं. त्या पायरी चढून वर आल्या, काकांच्या शेजारी ओटीवर बसल्या.

"तिकिटं त्यांनी विकली, हे मी तपासलंय," त्या म्हणाल्या. "ते तुमच्याबरोबर खोटं जेवत होते, हे मला तपासता आलेलं नाही. म्हणून मी ते म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका."

ओटीवरच्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. खाडीवरून वारा आला, अर्धवट बांधलेल्या खोल्यांवरचं प्लास्टिक फडफडलं. मग काकांनी बाह्यांनी तोंड पुसलं, दाराकडे मान वळवली आणि आत बायकोला हाक मारली, "मेरी, तीन पानं वाढ गं."