फ्री किकआधीचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हाचा दुष्काळ. हैदराबादच्या एका फुटबॉल क्लबात मधल्या फळीत पगारावर खेळून परतलेला हा माणूस मला रोज चहाच्या गाडीवर भेटायचा. त्याची फ्री किक तिकडे नावाजलेली होती. तिथल्या दिवसांबद्दल विचारलं की फ्री किकसमोर भिंत करून उभ्या राहणाऱ्या खेळाडूंबद्दल एवढंच सांगायचा, "भिंत उंच ऱ्हायची, पण उडी उशिरा मारायचे."

फ्री किकआधी तो घोटभर पाणी ओतून माती थापटायचा. ओल्या मातीवर चेंडू डगमगत नाही, म्हणायचा. दुष्काळातही सामन्याला तो आपल्या पिण्यातलं पाणी फिरकीच्या तांब्यात राखून आणी.

नव्या जिल्ह्याचा पहिला सामना नांदेडशी झाला. बरोबरी झाली तर गेल्या वर्षीचे विजेते म्हणून ढाल नांदेडकडेच राहणार होती. सामना बरोबरीतच होता, आणि शेवटच्या मिनिटाला लातूरला फ्री किक मिळाली. मैदानावरचा माठ केव्हाच संपला होता. नांदेडचा गोलकीपर खांबाला टेकून ओठांवरून जीभ फिरवत होता. यानं तांब्याची फिरकी काढली, मातीकडे पाहिलं, आणि भिंतीला वळसा घालून तांब्या गोलकीपरला दिला.

"समदं पी."

चेंडू कोरड्या मातीवरून उठला, भिंतीवरून वळला. गोलकीपरनं झेपावून तो बाहेर काढला.

"पाणी पाजून गोल मागाय गेलाव व्हय, मामा?" दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं विचारलं.

"हैदराबादला बी असं उडलेलं कुणी बघितलं न्हाई," तो म्हणाला, आणि ग्लास खाली ठेवून गोलकीपर कसा उडला ते करून दाखवू लागला.