मिंगेलकाकांची अर्धी चाल

"काटा हलवलास?"

मिंगेलकाका मला बोलले ते पहिलं वाक्य हे. नाव विचारलं नाही, कुठून आलीस नाही, बस नाही. बाबा गेले त्यानंतर त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मी टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन चंदनसारहून वसईला आणला होता. पारनाक्याजवळ एका घड्याळवाल्याच्या ओट्यावर रविवारी सकाळी जुन्या रेडिओंची अदलाबदल चालायची. सगळे रंगीत टीव्हीच्या मागे लागलेले, आणि ही पाच-सहा वेडी माणसं एकमेकांचे रेडिओ हुंगत बसायची. हुंगत म्हणजे खरंच हुंगत! ट्रान्सफॉर्मर जळका आहे का ते वासावरून कळतं.

मी म्हटलं, "नाही हलवला. बाबा ठेवून गेले तसाच आहे."

"शाबास, बाय," म्हणाले, आणि मग कुठे त्यांनी माझ्याकडे बघितलं. चर्चमधून, रविवारच्या मिस्साहून थेट आलेले. पांढरा शर्ट, खिशात टेस्टर, केसांना खोबरेल. चालताना, बोलताना, कायम डावा कान पुढे. त्यांनी सेट घड्याळवाल्याच्या प्लगला लावला, आतले व्हॉल्व्ह तांबूस होईपर्यंत थांबले आणि मला बोलावलं. "आधी मालकाचं ऐकायचं. मग आपलं."

त्यांचा हा कायदाच होता. बहुतेक सेट मेलेल्या माणसांच्या घरातून यायचे. स्टेशनचा काटा शेवटचा जिथे असेल तिथेच आधी ऐकायचं, मगच बटण फिरवायचं. ओट्यावरचे सगळे हा कायदा पाळायचे. हसत हसत, पण पाळायचे.

तर माझ्या बाबांच्या काट्यावर काय लागलं असेल? शेतकऱ्यांचा कार्यक्रम! कांद्याचे भाव! गाव सोडून आलेला, जन्मभर गावाला शिव्या देणारा माझा बाप रोज गुपचूप कांद्याचे भाव ऐकत होता. मी ओट्यावर बसून ढसाढसा रडले. काका म्हणाले, "हा सेट द्यायचा नाही. घरी ने." अदलाबदल करायला गेले होते, तोच रेडिओ घेऊन परत आले. पण रविवारची सवय लागली ती लागलीच.

हळूहळू लक्षात आलं की काका स्वतः एकही सेट ठेवत नाहीत. कुठूनतरी चांगला मोठा सेट मिळवायचे, थोडे दिवस घरी ठेवायचे आणि पुढच्या कुणाला तरी देऊन टाकायचे. भारी देऊन जुनाटसुद्धा घ्यायचे, जर कुणी म्हटलं की हा लांबचं खेचतो. घड्याळवाला म्हणायचा, "मिंगेल म्हणजे नवरी बघायला निघालेला. पोहे खातो आणि नाही म्हणतो."

का, ते मला त्यांच्या घरी कळलं. केळीच्या वाडीतलं कौलारू घर, दोन माडांच्या मध्ये बांधलेली एरियलची तार. आतल्या खोलीत फळीवर एक छोटा लाकडी रेडिओ, वर लेसचं कापड. मी कापड उचलायला गेले तर काका ओरडले, "हात नको!" मग रोजाकाकू विहिरीवर गेल्यात हे बघून हळू आवाजात सगळं सांगितलं.

तो विल्सनचा सेट होता. त्यांचा एकुलता मुलगा, जहाजावर खलाशी. एका फेरीत समुद्रात पडला. तार आली, माणूस आला नाही, देहही मिळाला नाही. जायच्या आधी तो सुट्टीवर होता तेव्हा रोज तिन्हीसांजेला ह्या रेडिओवर कुठलं तरी परदेशी स्टेशन ऐकायचा आणि त्याची चाल दिवसभर शिट्टीवर वाजवायचा. अंगणात, वाडीत, आंघोळ करताना.

"मला अर्धीच आठवते," काका म्हणाले आणि वाजवून दाखवली. ओट्यावर सेट उघडताना ते कायम हीच वाजवायचे, सगळ्यांच्या कानात बसलेली. वर चढत जाणारे सूर, एका जागी येऊन थांबले, पायरी तुटल्यासारखे. "पुढची गेली. किती डोकं खाजवलं, येत नाही. काटा आहे तिथेच ते स्टेशन असणार ना? पण हा सेट बंद पडला. उघडला तर काटा सरकेल, म्हणून दुरुस्त नाही केला. डायलवरचा आकडा तेवढा वाचून घेतला. दुसऱ्या सेटवर त्या आकड्यावर ऐकतो."

"आणि काय लागतं?"

"खरखर. पण खरखर म्हणजे शांतता नाही, बाय. खरखर म्हणजे कुणीतरी लांब आहे." मग दाराकडे बघून, "रोजासमोर त्याचं नाव काढू नको हं. तिला सहन होत नाही."

मग मीपण त्या आकड्यामागे लागले! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी होती माझी, दिवसभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडायचे, आणि संध्याकाळी काकांकडे जाऊन खरखर ऐकायची. खरं सांगते, त्या खरखरीत थोडा वेळ कान लावला ना की काहीही ऐकू येतं. पावलं, कुणीतरी घसा साफ करतंय असं. एकदा मी दचकून म्हटलं, "काका, शिट्टी!" ते इतक्या जोरात उठले की खुर्ची पडली. काहीच नव्हतं. त्यानंतर मी तोंड मिटून ऐकायला शिकले.

आणि मग चांदीपचे वामन नाईक एका टेम्पोत लष्करी रिसीव्हर, म्हणजे फौजेचा रेडिओ, घालून ओट्यावर आले. भातशेतीवाला माणूस, पण चोरबाजारातून काय काय उचलून आणायचा! लोखंडी पेटी, दोघांनी धरल्याशिवाय उचलत नव्हती. लांबचं कुजबुजणंसुद्धा पकडते म्हणे. काकांनी विचारलं, "काय घेशील?"

"तुज्या फळीवरचा तो ल्हान सेट दे. माज्या बापाच्या घरात तसाच होता. म्यानी इकला आनि बाप माज्याशी बोलाचा बंद झाला."

"तो बंद आहे रे, वामन."

"ठाव हाय. म्हस आजारी आसली तरी मला तीच पायजे."

दुसरं काही चालेना. काकांनी चार सेट पुढे केले, नाईक मान हलवत राहिले. पुढचे काही रविवार काका ओट्यावर आलेच नाहीत. मी घरी गेले तर फळीसमोर बसलेले. "विहीर देऊन पोहरा घ्यायचा की काय, तेच कळत नाही," म्हणाले. शेवटी त्यांनी दिला. स्वतः नाईकांच्या टेम्पोत बसून, सेट मांडीवर धरून चांदीपला पोचवला. नाईकांना एवढंच सांगितलं, "दुरुस्त करशील, पण काटा धरून कर. आधी मालकाचं ऐक." रोजाकाकूंनी फळीवरचं लेसचं कापड धुवून वाळत घातलं.

लष्करी रिसीव्हरवर काका त्याच आकड्यावर बसले. आणि तिथे खरखरसुद्धा जवळजवळ नव्हती. इतकं स्वच्छ, इतकं रिकामं. काका काही दिवस ऐकत राहिले, मग म्हणाले, "ह्याला तर लांबसुद्धा कुणी नाही." त्यांचा चेहरा बघवेना मला.

मग एका दुपारी नाईक धापा टाकत एक्स्चेंजमध्ये आले. दारातूनच, "बाय! लागला! काल सांच्याला! मिंगेलची चाल!"

मी त्यांना खाली बसवलं, पानी, म्हणजे पाणी दिलं, ह्यांच्यासोबत राहून माझी जीभ अशी झालीय. नाईकांनी नवा व्हॉल्व्ह बसवला होता, काटा चिकटपट्टीने बांधून. आणि त्याच जागी ती चाल लागली होती.

सगळं मला तिथेच, एका क्षणात कळलं. हलक्या सेटमध्ये एक दोष असतो. एकच स्टेशन डायलवर दोन जागी लागतं, एक खरी जागा आणि एक खोटी. त्या खोट्याला आम्ही ओट्यावर भूत म्हणायचो. विल्सन भूत ऐकत होता! त्या आकड्यावर स्टेशन कधीच नव्हतं. सेट जितका चांगला, तितकं भूत कमी. काका इतकी वर्षं चांगल्यातला चांगला सेट शोधत त्या चालीपासून लांब लांब जात होते. आणि जो एक सेट ती ऐकवू शकत होता, तो कापडाखाली झाकलेला. ओट्यावरच्या पोरासोरांना माहीत असलेली गोष्ट, पण विल्सनच्या काट्यावर शंका घ्यायची कुणाची हिंमत होती?

त्याच संध्याकाळी आम्ही सेट काकांकडे परत नेला. नाईकांनी बदल्यात काही मागितलं नाही. "आनून दिलाय, गप ऐक," एवढंच. काका हात मांडीखाली दाबून बसले, लहान मुलासारखे. रोजाकाकू आत भाजी चिरत होत्या. नाईकांनी सेट लावला. गोट्या पडल्यासारखे आवाज, मग शीळ, मग अचानक, अगदी जवळून, ती चाल. चढत गेली. त्या तुटक्या पायरीपाशी आली.

आणि तिथे एक बाई बोलायला लागली. परक्या भाषेत, बातम्यांसारखं. चाल बंद.

स्टेशन सुरू होण्याआधीची धून होती ती. तेवढीच वाजायची. अर्धी. पुढे काही नव्हतंच.

काका त्या बाईकडे, म्हणजे सेटकडे, बघत राहिले. "मग पुढची कुठून आणायचा तो?" कुणालाच विचारलं नव्हतं त्यांनी.

"मनाची लावायचा," रोजाकाकू आतून म्हणाल्या.

विळीचा आवाज थांबला होता. आणि त्या गुणगुणायला लागल्या. त्या पायरीपासून पुढे, खाली उतरत, मध्येच एक गंमतशीर गिरकी, मग संथ. काकांनी हात वर केला, हवेत तसाच धरला. नाईकांनी टोपी काढली. माझ्या अंगावर काटा आला, कारण शप्पथ सांगते, तो काकूंचा आवाज वाटत नव्हता.

"तुला येत होतं?" काका म्हणाले. "इतकी वर्षं?"

"तुम्हाला त्याचं नाव सहन होत नाही म्हणून मी गप्प."

काकांनी रेडिओ बंद केला. "परत म्हण, रोजा."

त्यानंतर त्या घरात कुठलाच रेडिओ लागला नाही. माडांमधली तार काढली आणि काकूंनी तिच्यावर कपडे वाळत घातले. काका ओट्यावर यायचे, पण नुसते बसायला, आणि पहिल्यांदाच दोन्ही कान सारखे धरून. विल्सनचं नाव सारखं घ्यायचे, घड्याळवाल्यासमोर, अनोळखी गिऱ्हाइकासमोर. विल्सनला बोंबील आवडायचे, विल्सनला पोहता यायचं. पुढच्या पावसाळ्यानंतर झोपेत गेले. घरी मयत ठेवलेलं असताना काकू उशाशी बसून तेच गुणगुणत होत्या, आणि प्रार्थना म्हणायला आलेल्या बायकांनी त्यांना थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात मी काकूंना भेटायला गेले. मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकत होत्या आणि गुणगुणत होत्या. मी दारातच उभी राहिले. चाल चढली, पायरी आली, खाली उतरली. गिरकी नव्हती. तिच्या जागी दुसरंच काहीतरी होतं, सरळ, चर्चमधल्या गाण्यासारखं. मी परत ऐकलं, वाटलं माझी चूक असेल. परत तसंच.

काकूंनी वळून बघितलं. "विल्सनची चाल गं," म्हणाल्या. "मी काय विसरते होय."

"नाही ना, काकू," मी म्हटलं.